रॉसचं मलम

परदेशात, हेन्डरसन गावच्या फार्मसीत उभं राहून राहून कांचनच्या पायांच्या शिरा फुगल्या, पण समोरच्याला तोंडावर नाही म्हणायला ती काही शिकली नाही. पुण्यात वडिलांच्या औषधाच्या दुकानातही हेच चालायचं. माल नसला तरी गिऱ्हाइकाला म्हणायचं, "येईल हो." त्यातलं खरं किती, हे गिऱ्हाईकही जाणून असायचं.

रॉसला ते कसं कळणार? जन्मभर उन्हात लोकांची छपरं घातलेला म्हातारा. कानशिलावर लालसर डाग उठला. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, पण वरवरचा. कापू, नाहीतर मलम लावा. डोळ्याजवळ सुरी नको, म्हणून त्याने मलम निवडलं. त्या मलमाला सरकारी पैसा नव्हता, आणि पेन्शनीत ते परवडेना.

"फंडिंगचा निर्णय व्हायचाय," कांचन म्हणाली. "येईल, रॉस. थोडं थांबा."

"स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', म्हणून तो गेला.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे इथेही खरंच. फक्त इथली पत्रं फार सभ्य. सरकारी पैशाच्या रांगेत लहान मुलांची औषधं होती, रक्ताच्या कॅन्सरची होती. त्यांना मागे सार असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? कांचनला धड रागही येईना, नुसता शीण येई.

रॉस रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येई, टोपी खाली ओढून. दर वेळी विचारी. दर वेळी ती म्हणे, "येईल." डाग दाखवा, असं मात्र तिने म्हटलं नाही. पाहिला असता तर खरं बोलावं लागलं असतं.

"अगं, भरवसा नाही म्हणून सांगून टाक ना त्याला," नवरा, गुरुनाथ, वैतागून म्हणाला. "कापून तरी घेईल."

"सांगते रे," ती म्हणाली. तेही राहिलंच.

अखेर निर्णय झाला. मलम सरकारी खर्चाने मिळणार! कांचनने हरखून स्वतः रॉसला फोन केला. तो आला, तो कानशिलापासून गालापर्यंत पट्टी बांधूनच. डाग खोल गेला होता. कापताना खालची पापणीही काढावी लागली होती. मलमाचा आता काही उपयोग नव्हता. वरातीमागून घोडं!

कांचनला काउंटरवरच रडू फुटलं. रॉसच तिची समजूत घालू लागला, आणि त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच तिला सोसेना.

"डॉक्टर दोनदा म्हणाले, कापू या," तो म्हणाला. "मी म्हटलं, थांबा. कांचन म्हणालीय, येणार आहे. आणि बघ, आलं की."