मामाने एक पलंग मागितला

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या मामाने उभ्या आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला याचा थोडा ताठाच होता. शेजारच्याने स्क्रूड्रायव्हर मागितला की हा तीन मापांचे तीन काढून द्यायचा. पण स्वतःच्या घरातली साखर संपली तर बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि वर म्हणायचा, प्रकृतीला चांगला. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ असतात. हा ताकाला जातच नसे.

दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड केलेली एक खोली. मागच्या भिंतीला ऐंशी छोटे खण आणि प्रत्येकावर चिठ्ठी: डाव्या काड्या, उजव्या काड्या, नाकावर टेकणाऱ्या गाद्या, चष्मा लावल्याशिवाय न दिसणारे स्क्रू. वर जायला अरुंद जिना, तोही मध्येच वळणारा, आणि वर दोन खोल्या. तिथे मामा वीस वर्षं एकटा, शिस्तीत आणि मजेत राहिला. लग्न केलं नाही, कारण बायको आली की खणांवरच्या चिठ्ठ्या बदलेल अशी त्याला भीती होती.

मग दोन वर्षांपूर्वी त्याची धाकटी बहीण तीन आठवड्यांच्या आजारात गेली. मुलींचे वडील आधीच वारले होते. थोरली तेव्हा आठ वर्षांची होती, धाकटी तीनची. 'माय मरो पण मावशी जगो' असं म्हणून म्हणींनी मावशीची सोय करून ठेवली आहे. मामाचं मात्र कोणी नाव घेतलं नाही. आपल्याकडे लोक मामा बनवतात तो फसवायच्या माणसाचा. पण या मुलींना मावशी नव्हतीच. दवाखान्यातून मामा दोघींना दोन हातांना धरून घरी घेऊन आला, तेव्हा जिन्यातच धाकटीने विचारलं, "तुझ्याकडे दूध आहे का?" नव्हतं. तो तसाच मागे फिरला आणि दूध घेऊन आला, आणि त्या दिवसापासून त्याचं शिस्तीचं घर पार उलटंपालटं झालं.

त्याला वेणी घालता येत नव्हती. भिंगं घासणाऱ्या हातांनी त्याने थोरलीची वेणी इतकी घट्ट घातली की बिचारी दिवसभर शाळेत आश्चर्य वाटल्यासारखी दिसत होती. शाळेच्या फाटकाशी सिटी बस चालवणारी एक बाई उभी होती. आपल्या भावाच्या मुलाला वाढवत होती ती. तिने वेणीकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "वेणी तुम्ही घातलीत ना? गुरुवारी संध्याकाळी लाँड्रीच्या मागच्या खोलीत या. नाही म्हणू नका, पोरीच्या भुवया कपाळात गेल्यात."

लाँड्रीच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी आठ माणसं जमायची. आठही जणं दुसऱ्याची, म्हणजे आपल्याच कोणाची तरी, मुलं वाढवणारी. इस्त्रीच्या वाफेने खोली उबदार असायची आणि मुलं धुतलेल्या चादरींच्या ढिगांवर लोळायची. इथे कोणी कोणाला नावाने हाक मारत नसे. बसवाली ती आत्या. लाँड्रीची मालकीण जुळ्या नातवंडांना सांभाळायची, ती आजी. तेवीस वर्षांचा एक सुतार आपल्या चुलत बहिणीला वाढवत होता, त्याला सगळे दादा म्हणायचे, आजीसुद्धा. चष्मेवाला आपोआप मामा झाला.

तिथे भिंतीवर एक फळा होता. ज्याला जे हवं ते त्याने फळ्यावर लिहायचं आणि का हवं हे दुसऱ्याने विचारायचं नाही. ज्याला ते देता येईल त्याने ओळीवर काट मारायची, म्हणजे एकाच वस्तूमागे दोघं धावत नाहीत. 'रेनकोट, सहा वर्षांच्या मापाचा.' काट. 'मंगळवारी चार ते सहा कोणीतरी.' काट. 'अपूर्णांक शिकवायला माणूस, शक्यतो न चिडणारा.' यावर तीन आठवडे काट पडली नाही, शेवटी मामाने मारली. दोन वर्षांत त्याने कितीतरी ओळींवर काट मारली, आठही घरांचे चष्मे सरळ केले, पण स्वतः एक अक्षर लिहिलं नाही. "आमचं सगळं व्यवस्थित आहे," तो म्हणायचा.

"व्यवस्थित कसलं? आखडू आहात तुम्ही," आत्या म्हणायची.

आणि मग ते पत्र आलं. कागदोपत्री मुली अजून मामाकडे तात्पुरत्याच होत्या. आता कायमचं ठरायचं होतं. शनिवारी सकाळी अकरा वाजता बालकल्याण कार्यालयातल्या बाई घर बघायला येणार होत्या, आणि मुली इथेच राहतील की त्यांची दुसरीकडे सोय होईल हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. सोबत अटींची यादी होती. त्यातली एक अट: प्रत्येक मुलाला स्वतंत्र पलंग. धाकटी अजून थोरलीच्याच पलंगावर, तिच्या पोटात पाय खुपसून झोपत होती. मामा फर्निचरवाल्याकडे धावला. तो म्हणाला, "लहान माप? तीन आठवडे लागतील."

मामा तसाच दुकानात परतला. या दोघी गेल्या तर आपण त्या ऐंशी खणांकडे बघत बसू आणि आपल्याला वेड लागेल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याचा त्या पोरींवर जीव जडला होता. दोन वर्षांपूर्वी हे त्याला कोणी सांगितलं असतं तर त्याने सांगणाऱ्याचा नंबर तपासला असता.

त्याने तयारी सुरू केली. संभाव्य प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहून पाठ केली. थोरली रिकामी फ्रेम नाकावर चढवून अधिकारीण व्हायची आणि त्याला खुर्चीवर बसवायची.

"वय?"

"चोपन्न."

"मुलींना ओरडता का?"

"कधीच नाही."

"खोटं!" धाकटी टेबलाखालून ओरडायची.

गुरुवारी मामा लाँड्रीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. सगळे आल्यावर उठला, खडू घेतला, दोनदा खाली ठेवला, आणि शेवटी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'एक लहान पलंग. शनिवारी सकाळपर्यंत.' आजीची इस्त्री हवेत तशीच राहिली. मामा खाली बसून वाट बघू लागला. दहा मिनिटं गेली, वीस गेली, लोक इकडचं तिकडचं बोलत राहिले, पण उठून कोणी काट मारली नाही. मामाचे कान लाल झाले. मुलींना घेऊन तो लवकर निघाला, आणि वाटेत स्वतःला म्हणाला, झालं समाधान? मागून बघितलंस ना?

झालं होतं वेगळंच. आजीला वाटलं, आत्ता काट मारली तर हा तिथल्या तिथे 'राहू द्या, राहू द्या' करेल. त्यापेक्षा पलंग थेट दारात नेऊन टाकावा. आत्याला वाटलं, या माणसाने दोन वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलंय, हा पलंग मीच देणार, आणि गाजावाजा न करता देणार. दादाने घरी जाऊन लगेच लाकूड कापायला घेतलं. प्रत्येकाने मनातल्या मनात काट मारली आणि खडूला कोणी हात लावला नाही. एकाच वस्तूमागे दोघांनी धावू नये म्हणून ज्यांनी नियम केला, त्यांच्यातले सातजण एका पलंगामागे धावले.

शनिवारी नऊ वाजता दादा ताज्या लाकडाचा पलंग डोक्यावर घेऊन हजर झाला. मामाच्या डोळ्यांत पाणी यायच्या आतच हातगाडीवरून आत्याचा लोखंडी पलंग आला. तिच्या मागोमाग आजी, जुळ्यांचा दुमजली पलंग सुटा करून, स्क्रू घरी विसरून. मग आणखी तीन, आणि शेवटी एक घडीचा, जो उघडला की मिटत नव्हता. दहा वाजता फुटपाथवर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे एकमेकांकडे बघत होते आणि एकमेकांवर चिडत होते.

"काट का नाही मारलीत?"

"तुम्ही का नाही मारलीत?"

"अति तेथे माती म्हणतात ते हे," आजी म्हणाली आणि एका गादीवर बसून खो खो हसत सुटली.

पावणेअकराला दुमजली पलंगाच्या एका मजल्याचा सांगाडा जिन्याच्या वळणात अडकला. वर जाता येईना, खाली येता येईना. आणि कार्यालयातल्या बाई आल्या त्या नेमक्या पंधरा मिनिटं आधी. हातात फाईल, पायात आवाज न करणारे बूट.

"इथे कोणाचं सामान निघालंय का?" त्यांनी विचारलं.

"निघालं नाही, येतंय," आजी म्हणाली.

मामाची पाचावर धारण बसली. पाठ केलेला कागद शर्टाच्या खिशात होता आणि शर्ट घामाने अंगाला चिकटला होता.

"मुली किती आहेत?" बाईंनी फाईल उघडली.

"दोन."

"आणि पलंग?"

मामाने मोजले. "सहा. म्हणजे सातवा जिन्यात आहे. आणि एक वर, आधीपासूनचा."

बाईंनी फाईलमधून फॉर्म काढला. आत्याच्या लोखंडी पलंगावर बसल्या आणि फुटपाथवरच प्रश्न विचारू लागल्या. बाकीचे आपापल्या पलंगांवर बसले. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघत होते.

"तुम्ही आजारी पडलात तर मुलींकडे कोण बघेल?"

या प्रश्नाला फॉर्मवर एकच ओळ ठेवलेली होती. मामाने 'शेजारी' असं उत्तर पाठ केलं होतं, पण त्याला तोंड उघडायला सवडच मिळाली नाही.

"आजारी पडायची वाट कशाला बघायची?" आजी म्हणाली. "मंगळवारी त्या माझ्याकडेच जेवतात."

"माझी बसची पाळी दुपारी संपते. शाळेतून मी आणते," आत्या म्हणाली.

"सायकल मी शिकवतो," दादा म्हणाला. "गणित नाही. गणित मामाच शिकवतात, माझ्या बहिणीलाही."

बाईंनी ओळ भरली, समासात लिहिलं, मग कागद उलटा केला.

"मुलींना ओरडता का?"

"कधी... कधीमधी," मामा म्हणाला.

"रोज!" धाकटी गादीवर उड्या मारत म्हणाली. "दात घासताना!"

आत्या मधेच उठून गेली होती, तिचा आवाज आता जिन्यातून आला. ती बस वळवतात तसा सांगाडा वळवत होती. "मागे घ्या, मागे, डावीकडे कापा, बास!" सांगाडा सुटला आणि सगळी वरात वर गेली. बाईंना मुलींची खोली बघायची होती. दादाने वर आणलेला आपला नवा पलंग मांडायला जागा हवी म्हणून थोरलीचा पलंग भिंतीपासून ओढायला घेतला.

"माझा पलंग हलवू नका!" थोरली ओरडली. ती कधी ओरडत नसे.

पण पलंग हलला होता. त्याच्यामागे भिंतीला टेकून एक निळी बॅग होती, फुगलेली, चेन नीट लावलेली. कोणी काही म्हणायच्या आत धाकटीने ती उघडली. आत दोघींचे कपडे घडी घालून ठेवलेले होते. दोन टूथब्रश, आईचा फोटो, आणि मोज्यांचा एक जोड.

"माझे मोजे!" धाकटी किंचाळली. "मामा, बघ ना! हिने घेतले, आणि मलाच म्हणत होती तू हरवलेस!"

मामाने वरचा फ्रॉक उचलला. गेल्याच महिन्यात धाकटीला घेतलेला होता तो. म्हणजे बॅग दोन वर्षांपूर्वीची नव्हती. धाकटी वाढत होती तशी थोरली जुने कपडे काढून नवे भरत होती, आणि घरात कोणाला पत्ता नव्हता.

"ही कशासाठी गं?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"तयार असलेली बरी," थोरली म्हणाली. "एकदम जायला सांगितलं की घाईत हिचं काहीतरी राहतं. मागच्या वेळी बाहुली राहिली."

मामा नव्या पलंगावर मटकन बसला. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. "मला विचारायचंस ना, राणी."

"तू तरी कोणाला कुठे काय विचारतोस?" थोरली म्हणाली.

यावर आत्या काहीतरी बोलणार होती, पण आजीने तिचा हात दाबला.

बाईंनी फाईल मिटली. "वरच्यांची सही व्हायची आहे," त्या म्हणाल्या, "पण माझं मत मी लिहिलंय. मुली इथेच राहाव्यात. कायम."

आजी, आत्या, दादा सगळे एकदम बोलायला लागले. दादाने धाकटीला उचलून गरागरा फिरवलं. थोरली मात्र बाईंसमोर उभीच होती.

"कायम म्हणजे किती दिवस?"

"कायद्याने म्हणशील तर तू अठरा वर्षांची होईपर्यंत."

"म्हणजे आठ वर्षं," थोरलीने हिशेब केला. "आणि मग?"

बाईंनी फाईलकडे पाहिलं. पुढचं त्यांच्या फॉर्मवर नव्हतं. उत्तर मामाच्या कागदावरही नव्हतं.

"मग मी बासष्ट वर्षांचा होईन," मामा म्हणाला. चष्मा काढून त्याने शर्टाला पुसला, पुन्हा लावला आणि तिच्याकडे पाहिलं. "मग तू मला सांभाळ. सांभाळशील का?"

थोरलीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मी ओरडेन हं," ती म्हणाली. "दात घासताना."

"ओरड की."

ती पलंगाकडे वळली. मग मोज्यांचा जोड धाकटीच्या हातात ठेवला, बॅग पलंगावर पालथी केली, आणि कपड्यांचा ढीग दोन्ही हातांनी उचलला.

"ठीक आहे," ती मामाला म्हणाली. "कपाट उघड."