मेंढरांची साक्ष

आमच्या घरात कायदा सगळ्यांनाच येत असे. वडील बोरीच्या बाजारात तो लोकांना समजावून सांगत आणि मी अदालतीच्या भाषेत, म्हणजे उर्दूत, चौथी पास असल्यामुळे मान हलवून दुजोरा देत असे. एवढ्या विद्वत्तेच्या बळावर आम्ही अदालतीत गेलो.

लढाई सुरू झाली तसा आमचा शेजारी पलटणीत भरती होऊन परमुलखात गेला. त्याच्या आणि आमच्या रानामध्ये ओढ्याकाठची एक काळीभोर पट्टी होती. दोन्ही घरं तिला आपली म्हणत. तो गेल्यावर त्याच्या बायकोनं ती पेरली, म्हणून वडिलांनी जिंतूरला दावा लावला.

मुन्सिफसाहेबांनी पहिल्याच पेशीला, म्हणजे तारखेला, सांगितलं, माणूस लढाईवर आहे, त्याच्या माघारी मालकीचा निकाल होणार नाही. तो येईपर्यंत ते राहू द्या. तो भरती झाला तेव्हा पट्टीवर कब्जा कोणाचा होता, एवढंच बघू. ज्याचा होता, त्यानं तोवर कसावी.

वडील खूश झाले. शेजारी भरती झाला त्याआधीच्या उन्हाळ्यात पट्टीवर धनगराची मेंढरं बसली होती, खत पडलं होतं. मेंढरं आपणच बसवून घेतली, तेव्हा कब्जा आपला; वडिलांच्या हिशेबी हा पुरावा पक्का होता. मला तो इतका पटला की धनगराला साक्षीला आणायला मीच गेलो.

"मेंढरं इथंच बसवली होती?" मुन्सिफसाहेबांनी विचारलं.

"हौ साहेब, बसवली हुती."

वडिलांनी माझ्याकडं अभिमानानं पाहिलं.

आता मेंढरं कुणाच्या रानात फुकट बसत नाहीत. ज्याचं रान, तो धनगराला ज्वारी देतो. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आम्हालाच त्या दिवशी आठवलं नाही.

"ज्वारी कोणी दिली?"

"ह्या बाईनं."

"आणि हे?" साहेबांनी वडिलांकडं बोट केलं.

"हे धुऱ्यावर, बांधावरच उभे हुते की. म्हनत हुते, अजून जरा अलीकडं बसव, आपल्याला फुकटात खत हुतंय."

अदालत हसली. शेजारीण पदराआडून म्हणाली, "काका, ह्यो गवाह तुमीच आनलाय बरं का. मी न्हाई."

कब्जा तिचा ठरला. परतताना गाडीत वडील म्हणाले, "धनगर लय बोलतो."

"पण खरं बोलला," मी म्हणालो, आणि उरलेली वाट बैलांशी बोलत आलो.

लढाई चालली तोवर ती पट्टी बाईनंच कसली. हराळी खणून काढली, ओढ्याच्या बाजूनं माती अडवायला ताल घातली. लढाई सरल्यावर नवरा वाळून परत आला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या ओसरीवर येऊन बसला.

"काका, अदालत नको. धुरा कुठून जातो ते मला आता ध्यानात न्हाई. तुमी दाखवाल तिथं दगड रोवतो."

वडिलांनी पायात वहाणा सरकवल्या. आम्ही तिघं रानात गेलो. पट्टीत हरभरा घाट्याला आला होता आणि बाई विळा हातात घेऊन मधोमध उभी होती. वडील धोतर सावरत हरभऱ्यातून चालले, बाईच्या शेजारून पुढं गेले, पट्टी संपून आमचं रान लागलं तिथं थांबले आणि टाच रोवून म्हणाले, "हितून."

हा मनाचा मोठेपणा की विळ्याची धार, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. बाईनं पदरानं तोंड पुसलं.

"बघत काय ऱ्हायलास?" वडील माझ्यावर खेकसले. "दगड उचल की."

दगड चांगलाच जड होता.