कागदावरचा शिपाई

सत्यशीला भाकरी थापत होती, भीमराज अंगणात दाढी करत होता, तेवढ्यात दाराची कडी वाजली. बाहेर कॉलेजचे हेडक्लार्क पंजाबराव. हातात खाकी कोट आणि पितळी बिल्ल्याचा पट्टा.

"आज फुटबॉलची फायनल हाय ना भीमराज. नागपूरचे पाहुणे येऊन राह्यले. प्रिन्सिपॉलसाहेब म्हणते, हे घालून मंडपात पाणी द्याचं."

"अन् पोरायपाशी कोण?" सत्यशीलेनं आतूनच विचारलं.

"प्रोफेसरसाहेब. टीम त्यायच्याच नावावर हाय ना, वहिनी."

तिच्या हातातली भाकरी फाटली. त्या प्रोफेसरांच्या बुटाला वर्षभरात मैदानाची धूळ लागली नव्हती!

भीमराज नागपूरच्या गिरणीचा खेळाडू. तिथली रीतच अशी, की हजेरी साच्यावर, म्हणजे मागावर, आणि काम मैदानात. पगार मिळायचा तो गोल मारण्याचा. छप्पन साली दोघांनी दीक्षा घेतली, आणि पुढच्याच हंगामात त्याचा गुडघा गेला. मग गिरणीनं त्याला खरंच साच्यावर उभं केलं. ते झेपेना. यवतमाळच्या कॉलेजनं बोलावलं, "पोरांना फुटबॉल शिकवा. जागा तेवढी शिपायाची आहे." गिरणीत मुरलेल्या माणसाला त्यात वावगं काय वाटणार? कागदावर काही का असेना, म्हणून त्यानं सही ठोकली. इथं मात्र कागदच खरा ठरला. सकाळी घंटा वाजवा, टेबलं पुसा, संध्याकाळी संघ घडवा. वणी, उमरखेडची पोरं, धड बूट नाहीत पायात, त्यांना त्यानं फायनलपर्यंत आणलं.

"दीक्षा घेतली ते काय असे पट्टे बांधाले?" सत्यशीला पिठाच्या हातानंच बाहेर आली.

"अवो, पट्टा कोण पाह्यते? पाहुणे पेढे पाह्यतीन," पंजाबराव हसले.

"मंग तुमीच बांधा न. तुमच्या पोटावर शोभून दिसन!"

पंजाबरावांचं हसू विरलं. भीमराजनं उरलेला साबण पुसला आणि तडक प्रिन्सिपॉलसाहेबांचा बंगला गाठला. सत्यशीला मागोमाग होतीच. हक्काची गोष्टही त्याला मागायला जावं लागतंय, याचा तिला मनस्वी संताप आला होता.

साहेब व्हरांड्यात पेपर वाचत होते. भीमराज पायरीखाली थांबला नाही, वर चढला.

"साहेब, मंडप मी लावतो, सतरंज्याबी उचलतो, पण पट्टा बांधून पाणी देणार नाही. खेळ चालू असंन तेवढा वेळ मले पोरायपाशी, रेषेजवळ उभं राहू द्या."