वसंतकाकांची चाल आणि कंपनीचा फोन

आम्हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडे पैसा टिकत नाही, पण कंपन्यांनी गंडवल्याचे किस्से मात्र घरात मावत नाहीत! देवासच्या आमच्या भजनमंडळात मी पेटी वाजवतो, वसंतकाका गातात. हे सगळे किस्से त्यांचेच. आम्ही हसतो खरे, पण फोन वाजला की आधी दचकतो.

*

मंगलाष्टकांना काकांनी स्वतः चाल लावली होती. घरातलं प्रत्येक लग्न त्याच चालीवर लागायचं. इंदूरच्या एका कंपनीनं ती रेकॉर्ड केली. मानधन काय, तर शाल, नारळ आणि गरम कचोऱ्या! सोबत एक इंग्रजी कागद. मी म्हटलं, "काका, वाचून तरी घ्या." तर म्हणाले, "अरे, कचोरी गार होतेय!" आणि ठोकली सही.

*

मध्यंतरी काकांच्या पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ कुणीतरी इंटरनेटवर टाकला. दुसऱ्याच दिवशी त्यातला आवाज गायब! मग काकांना फोन. बोलणं अगदी मधाळ. "काका, प्रणाम! कंपनी से बोल रहा हूँ. वो धुन अब हमारी है. फिर गाई तो नोटिस भेजना पड़ेगा."

काका चाचरत म्हणाले, "भिया, धुन तो मैंने ही बनाई है!"

"हाँ हाँ, हम तो आपके फैन हैं!"

*

काकांनी त्याचा धसकाच घेतला. एकदा काकू पोळ्या लाटताना तीच चाल गुणगुणायला लागल्या, तर हे धावत जाऊन खिडक्या लावून आले. "अगं, हळू! घरावर जप्ती येईल!"

काकू भडकल्या. "त्या मेल्या कंपनीला विचारून पोळ्या लाटू का आता?"

आम्ही खो खो हसलो. काका मात्र खिडक्यांच्या कड्या पुन्हा तपासत होते.

*

मग नात मधुराचं लग्न ठरलं, धारला. ती हटूनच बसली, "आजोबा, तुमच्या चालीशिवाय मी हार घालणार नाही!" काकांना जेवण जाईना.

शेवटी तोड निघाली. कुणी रेकॉर्ड करायला नको, म्हणून अक्षतांच्या परातीत सगळ्यांचे मोबाइल गोळा केले. व्हिडिओवाल्याला जेवायला पिटाळलं, हॉलची दारं लावली आणि मग अंतरपाट धरला. काका आधी चोरट्यासारखे गायले, मग मोकळा गळा लावला. मधुरा रडली, मीही रडलो.

दुसऱ्या दिवशी देवासला परतलो. चहा घेताना काका म्हणाले, "सुटलो रे बाबा!" तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तोच मधाळ आवाज.

"काका, प्रणाम! कल शादी में बहुत अच्छा गाया आपने!"