दीड गुंठ्याच्या राज्याला नानांची भेट

मोजणी खात्यात तीस वर्षं काढली की फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठतात. धुळ्याच्या आमच्या ऑफिसातले निम्मे किस्से तर एकट्या नानांचे. भूकरमापक म्हणून रिटायर झाले, पण रस्त्यात बांध दिसला की अजून थांबतात. परवा परदेशात मुलाकडे जाऊन आले आणि निम्म्याचे पाऊण झाले.

मुलाने त्यांना समुद्रातला एक किल्ला दाखवायला नेलं. एवढासा खडक, त्यावर तट, एक बुरूज आणि एक म्हातारा. म्हातारा म्हणतो, हा स्वतंत्र देश आणि मी इथला राजा. किनाऱ्यावरचं सरकार म्हणतं, खडक आमचा. मुलाने हे सगळं समजावून सांगितलं. नानांनी राजाला नमस्कार केला आणि विचारलं, "सातबारा शे का?"

*

राजाने आजोबांचं खरेदीखत काढलं. नानांना अक्षर कळेना, पण नकाशा कळला. चारी बाजूंना समुद्र! "राजेसाहेब, नशीबवान शेतस. भाऊबंद कोठेच नई."

*

मग नानांनी पावलांनी राज्य मोजलं. दीड गुंठा भरलं. राजा म्हणाला, भरतीला यातलंही थोडं पाण्याखाली जातं. नाना हळहळले. "तुमनी हद्द दिनमा दोनदा सरकस. आमनाकडे इतलावर कुऱ्हाडी निंघतस."

*

राजाचं खरं दुखणं वेगळंच होतं. कोणताच देश त्याला मान्यता देत नव्हता. नाना म्हणाले, "मान्यतानं सोडा. ताबा सोडू नका. कागद कोर्टमा चालस, जमिनवर मानूस बशेल लागस."

मुलाने भाषांतर केलं. पाहुण्यांना किनाऱ्यापर्यंत सोडायला राजाने कोट घातला होता. तो त्याने काढला आणि पुन्हा खुर्चीत बसला.

*

राजाला हे सांगता सांगता तिथेच नानांचाच चेहरा उतरला. गावी बांधालगतच्या हातभर पट्ट्यावरून धाकट्या भावाशी अकरा वर्षं दावा चालू आहे. ताबा जाऊ नये म्हणून नाना रोज तिथे बाज टाकून बसतात. त्यापायी मुलाकडेही कधी गेले नव्हते. आता तीन आठवडे पट्टा मोकळा होता.

परतल्यावर ते स्टेशनवरून बॅगेसकट थेट शेतात गेले. बाजेवर भाऊ बसलेला. नानांनी बॅग बांधावर आपटली.

भाऊ उठला, त्याने बाज झटकली. "बस भाऊ. कोनी तिसरा बसाले नको, म्हनीसन मी बशेल व्हतू."

दुसऱ्या दिवशी कोर्टाची तारीख होती. एकमेकांविरुद्ध उभं राहायला दोघं एकाच मोटारसायकलवर धुळ्याला आले.