बटण सुटल्यावर

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा डाग देताना राळेचा धूर निघाला की मला कर्वेनगरमधल्या आमच्या इमारतीची गच्ची आठवते. हौशी रेडिओचा परवाना नुकताच हातात आला होता आणि वर्तमानपत्रातली नोकरी सांभाळून केलेल्या अभ्यासाने मी पार थकले होते. लष्कराच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले येरवड्याचे एक गृहस्थ मला शिकवत. त्यांच्या घरात कायम या राळेचाच वास असे. दुसऱ्या दिवशी ते मुलीकडे नागपूरला कायमचे जाणार होते, आणि माझं पहिलं संभाषण आपल्याशी व्हावं एवढंच त्यांनी मागितलं होतं. त्या संध्याकाळी कामावरून येऊन मी गच्चीवर गेले, वॉकीटॉकीचं बटण दाबून त्यांना हाक दिली आणि वाट पाहत राहिले. उत्तर आलं नाही. पुन्हा हाक दिली. खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. कंटाळून उठले असतील, असं वाटलं. शेवटी अंगठा इतका दुखला की बटण सुटलं, आणि लगेच त्यांचा आवाज आला, "सोडलंत एकदाचं! अहो, आपण बटण दाबून बसलात तर मी बोलणार कसा? मघापासून नुसता आपला दमलेला श्वास ऐकतोय." मग त्यांनी परवान्यासोबत मिळालेलं माझं नवं संकेतनाम सावकाश, एकेक अक्षर सुटं करत उच्चारलं. आता ते हयात नाहीत. मीही वॉकीटॉकी क्वचितच काढते. पण फोनवर माझं बोलून झालं की अंगठा अजून आपोआप उचलला जातो.