गाऱ्हाण्यातली किडनी

माझ्या माहेरी माणसं किडनीने जातात. एखाद्या घरात सगळ्यांना लवकर टक्कल पडतं, तसं. आजोबा गेले, आत्या गेली, आणि माझे बाबा गिरणी बंद पडल्यावर थोड्याच वर्षांत, पन्नाशी गाठायच्या आत गेले. लालबागच्या आमच्या खोलीत यावर एकच उपाय माहीत होता. कुणाचे पाय सुजले की गावाला नारळ पाठवायचा. गावच्या वेशीवर देवचार आहे, गावाचा राखणदार. त्याचा जुना कोप आमच्या घराण्यावर आहे, असं सगळे मानत. डॉक्टरकडे जायचं ते नारळ पोचल्यावर, आणि तोवर उशीर झालेला असायचा.

आता माझी लेक. मी तिची स्तुती करणार आहे, कुणाच्या पोटात दुखायचं तर दुखू दे. ती परळच्या एका प्रयोगशाळेत किडनीच्या पेशंटांची जनुकं तपासते. तिचं काम मला समजायला वेळ लागला, पण आता करी रोडच्या आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये कुणी भेटलं तरी मी समजावून सांगते. शरीरात रोज घाण तयार होते आणि ती साफ करणारी एन्झाइमं असतात. काही जणांत ते एन्झाइम बनवणारं जनुक थोडं वेगळं असतं, काहींत तर नसतंच. मग सफाईवाला रजेवर गेल्यावर चाळीच्या जिन्यात कचरा साठतो, तसं आत साठत जातं आणि किडनीला त्याचा त्रास होऊ शकतो. होतोच असं नाही, हे ती दर वेळी ठासून सांगते. बीपी, साखर, वाटेल तेव्हा घेतलेल्या गोळ्या, हे सगळं वरून पडलं की धोका वाढतो.

यातलं शेवटचं वाक्य माझ्या धाकट्या भावासाठीच होतं. तो मिरची गल्लीत मसाला कुटून देतो. दिवसभर उभा. कंबर धरली की केमिस्टकडून दुखण्याची गोळी, रोज, चहासारखी. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मी त्याच्याकडे गेले, तर त्याच्या पायावर मोज्याची खोल खूण. बाबांचे पाय असेच झाले होते.

लेक म्हणाली, "मामा, माझ्या रिसर्चचं राहू दे. साधी लघवी आणि रक्त तपास. बीपी बघून घे."

"गावाक नारळ पाठवलो हा," तो म्हणाला. "उगाच सुया टोचून घेऊक सांगू नको."

"नारळ गेला ना, आता तूही तपासायला चल," लेक म्हणाली.

"बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. मी त्याला हव्या तेवढ्या शिव्या घातल्या, पण ढिम्म हलला नाही. रेडा बरा.

मग लेकीने काय केलं, तर थेट माझ्या थोरल्या काकांना गाठलं. घरात वडीलधारे आता तेवढेच. ते मखराला झालर चिकटवत होते, ही कात्री धरून शेजारी बसली आणि सफाईवाल्याची गोष्ट सांगितली. काकांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे देवचाराचो काय संबंध नाय?"

शिकलेली पोर, आता हसणार आणि सगळं मातीत जाणार. ती म्हणाली, "आजोबा, देवचाराचं मला माहीत नाही. पण हे पिढ्यान्पिढ्या येतं असं तुम्ही म्हणत होतात, ते बरोबर होतं. फक्त ते रक्तातून येतं. आणि वेळेत कळलं तर थोपवता येतं."

काकांनी पुन्हा चिकटवायला घेतलं. झालर मात्र वाकडी लागली.

गणपती आले. आरती झाल्यावर आमच्यात गाऱ्हाणं घालतात. घरातला थोरला नारळ हातात घेऊन सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. एकदा म्हटलं की तो देवाला दिलेला शब्द. तो मोडलेला माणूस मी अजून पाहिला नाही.

"बा देवा गणराया, तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत."

"व्हय म्हाराजा."

"ह्या घराण्याक जी किडनीची पीडा लागली हा, ती नातीन शोधून काढल्यान."

"व्हय म्हाराजा."

"तिना सांगल्यान तसा सगळ्यांका रक्त तपासूची बुद्धी दी. जो कोण आडमुठो आसात, तेका वाटेर आण."

"व्हय म्हाराजा." सगळ्यांत मोठा आवाज माझ्या भावाचा. सवयीने ओरडला तो, आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. काकांनी शांतपणे नारळ वाढवला.

विसर्जनानंतर तो निमूट भाचीसोबत गेला. लघवीतून प्रोटीन जात होतं, बीपी चढलेलं. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, वेळेत आलात. दुखण्याच्या गोळ्या बंद, मीठ कमी, बीपीचं औषध रोज. पापडाकडे हात गेला की भाचीचा फोन येतो. तिच्याकडे चुगली मी करते.

यंदा पुन्हा गणपती आले. काकांनी गाऱ्हाण्यात शेवटी जोडलं, "ही विद्या ह्या घरात इली, ती चेडवाच्या हातान इली. तिका उदंड आयुष्य दी." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे माझी लेक; मी तिच्याकडेच बघत राहिले आणि 'व्हय म्हाराजा' म्हणायचं राहून गेलं. माझ्या मागे भाऊ उभा होता. बाबा ज्या वयाला गेले, ते वय त्याने याच श्रावणात ओलांडलं. आवाज हुबेहूब बाबांचा.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.